कोटांच्या आडोशाला

‘छान आहे,’ बायको म्हणाली, ‘पण लांबून येतंय. शेजारच्या घरात कुणी वाजवतंय असं वाटतं.’

मास्तरांनी रेकॉर्डर बंद केला आणि मेंडोलिन खुंटीला लावलं. चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलेला माणूस. उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, याचा त्यांना कंटाळा नव्हता.

सुरुवात अगदी साधी होती. दुकान बंद केल्यावर जुना टेपरेकॉर्डर खुर्चीवर ठेवून, समोर बसून ते वाजवायचे. त्या कॅसेटमध्ये मेंडोलिनपेक्षा पंखाच जास्त ऐकू यायचा. धून एकच. लग्न ठरलं त्या वर्षी त्यांनी स्वतः बसवलेली. ती एकदा नीट रेकॉर्ड व्हावी आणि बायकोने ‘हां, आता जमलं’ म्हणावं, एवढीच त्यांची हौस. बाकी कुणाला ऐकवायचं नव्हतं. तिला वाजवता काही येत नसे, पण कान मोठा तिखट. शिलाईमशीनच्या आवाजावरून सुई बोथट झालीय हे ती स्वयंपाकघरातून सांगायची. पहिल्या कॅसेटच्या वेळी तिने पंख्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. म्हणाली होती, दुसऱ्या ओळीत घाई होते तुमची.

पुढे पंखा बंद झाला आणि घाम सुरू झाला. मग माईक आला. रस्त्यावरचे आवाज आत येऊ नयेत म्हणून आतल्या खोलीच्या कोपऱ्यात आडवा पाइप बसवून मास्तरांनी त्यावर अकरा कोट टांगले. शिवून तयार झालेले, पण गिऱ्हाइकांनी कधीच न नेलेले. त्यात लग्न मोडलेल्या एका नवरदेवाचा होता, आणि ट्रायलनंतर अचानक अंगाने सुटलेल्या एका वकिलाचाही. त्या कोटांच्या आडोशाला स्टूल टाकून मास्तर बसायचे. ‘मंडळी जमली का?’ बायको बाहेरून विचारायची.

पण गेली दोन वर्षं तिची तक्रार एकच होती. लांबून येतंय. मास्तरांनी माईक वीतभर पुढे आणला. मग चांगला माईक घेतला. दाराच्या फटीला कापसाची वळी शिवून लावली, भिंतीला गोधडी ठोकली, नवा रेकॉर्डर आणला. दर वेळी तिने खुर्चीत बसून मान जरा उजवीकडे कलवून ऐकलं आणि दर वेळी तेच सांगितलं.

रविवारी पुतणी आली. ती एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करायची. मास्तरांनी तिला हेडफोन दिला आणि परीक्षेला बसल्यासारखे समोर बसले. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं.

‘काका, आता यात काही सुधारू नका,’ ती म्हणाली. ‘कोटाच्या अस्तराची सळसळसुद्धा येतेय. आणखी किती जवळ हवंय?’

‘तुझ्या काकूला लांबून येतं.’

तेवढ्यात स्वयंपाकघरात किटलीने शिट्टी धरली. बायको किटलीपासून हातभर अंतरावर पाठमोरी काकडी चिरत होती. शिट्टी वाजत राहिली. ती चिरत राहिली. शेवटी वाफ दिसली तेव्हा कुठे तिने हात पुढे केला.

मास्तर तिच्या खांद्यांकडे बघत राहिले. उजवा खांदा पाव इंच उतरलेला. दोन वर्षं तिचे ब्लाउज शिवताना ते उजवी बाजू तेवढी कमी कापत होते. गिऱ्हाइकाचं अंग न बोलता सांभाळून घ्यायचं, ही हाताची जुनी सवय. मान सारखी त्या बाजूला का कलते, हे मात्र त्यांनी विचारलंच नव्हतं.

पुतणी गेल्यावर मास्तरांनी बायकोला आतल्या खोलीत बसवलं. कॉलर बसवावी तसा हेडफोन तिच्या कानांवर अलगद बसवला, आवाजाचं बटण बरंच पुढे फिरवलं आणि कोटांच्या मागे जाऊन बसले. मग रोजच्याच आवाजात माईकला म्हणाले, ‘काकडीत मीठ जास्त झालंय आज.’

‘तुम्हाला रोजच जास्त होतं,’ ती म्हणाली, आणि तिचा हात एकदम हेडफोनकडे गेला.

मग तिनेच विचारलं, ‘कधी कळलं?’

‘ब्लाउज शिवतानाच कळायला हवं होतं.’

‘मला वाटलं, ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर तुम्ही वाजवायचं सोडाल.’

कानाच्या डॉक्टरकडे जायचं ते उद्या ठरवता आलं असतं. मास्तरांनी तारा जुळवल्या आणि धून वाजवायला घेतली. दोन कोटांच्या फटीतून त्यांना तिचा चेहरा दिसत होता. मान सरळ होती. दोन्ही हातांनी तिने हेडफोन धरला होता, कुणी काढून नेईल की काय असा.

धून संपली. शेवटचा सूर विरेपर्यंत मास्तर हललेसुद्धा नाहीत.

‘दुसऱ्या ओळीत,’ बायको म्हणाली, ‘अजून घाई होते तुमची.’

मास्तरांनी नवरदेवाच्या कोटाची बाही बाजूला सारली, स्टूल पुढे ओढलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.