ताशी चार मैल

ऑरिन कुचेरा स्वतःच्या तोंडाने गोत्यात आला, यंत्रामुळे नाही. पण हे त्याला सांगायची कुणाची बिशाद! त्याला विचाराल तर तो अजूनही त्या डबीलाच शिव्या घालतो.

डबी म्हणजे ट्रकच्या काचेखाली बसवलेली ती वीतभर पाटी. इंजिनला जोडलेली, सगळं टिपणारी. चाक फिरलं की लिहिते, थांबलं की लिहिते. कामाला लागल्यापासून चौदा तास झाले की गाडी हाकणं बंद, मग पुढे दहा तास सक्तीची विश्रांती. ऑरिन तिला सासूबाई म्हणायचा.

त्या शनिवारी सकाळी आठ वाजता तो नॉर्थ प्लॅटच्या ट्रकथांब्यावर अंडी आणि बटाटे खायला उतरला. मागे औषधांचा माल होता. डेन्व्हरच्या गोदामवाल्यांनी माल भरायला रात्रीचे पाच तास खाल्ले होते आणि डबीने ते पाचही तास ऑरिनच्या नावावर मांडले होते. त्यामुळे डोकं आधीच तापलेलं. त्यात शेजारच्या खुर्चीवर योलांडा प्रुइट येऊन बसली. ही बाई अकरा वर्षं ट्रक चालवते आणि तिला डबी आवडते! ऑरिनला आणखी काय हवं होतं?

"माझ्या बापाने चाळीस वर्षं वहीत तास लिहिले," त्याने सुरुवात केली. "वही कशी समजूतदार होती. तिला माणसाची अडचण कळायची."

"समजूतदार कसली, खोटारडी होती," योलांडा म्हणाली. "तुम्ही लोक तिला गोष्टींची वही म्हणायचात ना?"

"गोष्टीच होत्या, पण आमच्या होत्या! आता बघ. मी टक्क जागा असतो तेव्हा ही म्हणते, झोप. डोळे मिटायला लागतात तेव्हा म्हणते, अजून पाच तास आहेत, चल. हिला काय कळतं माझी झोप?"

"काका, वही होती तेव्हा माझा साहेब म्हणायचा, योलांडा, अजून तीनशे मैल, मग हवी तेवढी झोप. नाही म्हटलं की पुढच्या आठवड्याचा माल दुसऱ्याला. आता मी नाही म्हणतच नाही. डबी म्हणते. आणि डबीला नोकरीवरून काढता येत नाही."

ऑरिनने आवाज चढवला. आजूबाजूचे दोन-चार ड्रायव्हर खुर्च्या ओढून जवळ आले. ऐकायला माणसं मिळाली की ऑरिनचं काय होतं ते सांगायला नको. सरकार झालं, विमा कंपन्या झाल्या, डेन्व्हरचं गोदाम झालं. योलांडाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

"काका, तुमचे चौदा तास चालूच आहेत हं. तुम्ही भांडताय म्हणून ते थांबत नाहीत."

"थांबत नाहीत हेच तर मी सांगतोय!" ऑरिन गरजला, आणि आणखी वीस मिनिटं तेच सांगत बसला.

एकूण चाळीस मिनिटं गेली. बारा वाजून पस्तीस मिनिटांनी डबी लाल झाली तेव्हा डनमायर गाव नऊ मैलांवर राहिलं होतं. समोर पाण्याची टाकी दिसत होती, टाकीवरचं गावाचं नावसुद्धा वाचता येत होतं. ऑरिनने धान्याच्या कोठाराजवळच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

इतर कुठल्या दिवशी असं झालं असतं तर तो मुकाट्याने मागच्या पलंगावर जाऊन घोरला असता. पण आज गावाला सव्वाशे वर्षं पूर्ण होत होती, दुपारी तीनला मिरवणूक होती, आणि मिरवणुकीचा पहिला मान यंदा वोंडाचा होता. वोंडा म्हणजे त्याची बायको. चौतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली, हिमवादळातसुद्धा एकही मूल उशिरा पोचवलं नाही. उघड्या पांढऱ्या गाडीतून तिला सगळ्यात पुढे मिरवणार होते, आणि शेजारी नवरा बसायचा होता. ऑरिनने कबूल केलं होतं. अर्थात, कबूल तो नेहमीच करायचा. मुलीचं बक्षीस, मुलाचं लग्नाआधीचं जेवण, वोंडाचं ऑपरेशन, सगळीकडे यायचं कबूल करून तो कुठल्या तरी राज्यात कुठल्या तरी गोदामापुढे उभा होता.

बरं, ती पांढरी गाडी कुणाची? तर मर्ल टिबेट्सची. गावातला अंत्यविधीचा धंदा याचाच. शाळेत असताना त्याने वोंडाला नाचायला बोलावलं होतं आणि ते तो अजून विसरलेला नव्हता. ऑरिन नाही आला तर वोंडाशेजारी आपण बसू, असं त्याने गावभर मोठ्या नम्रपणे सांगून ठेवलं होतं.

ऑरिनने फोन लावला.

"कुठे आहेस?" वोंडाने विचारलं.

"आलोच. टाकी दिसतेय."

"डबी?"

ऑरिनने लाल पाटी तळहाताने झाकली.

"संपले ना तास?" ती चिडली नाही, तेच वाईट होतं. "कुणाला तरी पाठवू का गाडी घेऊन?"

"औषधांचा माल आहे गं. रस्त्यावर टाकून आलो तर कंपनी मला उभा चिरेल. आपल्या अंगणात कुंपणात लावली की चालते. मी येतो. शप्पथ."

"शपथा नकोत," ती म्हणाली. "मर्लने सूट इस्त्री करून आणलाय." आणि तिने फोन ठेवला.

तो इस्त्रीचा सूट ऑरिनच्या काळजाला लागला. आणि मग त्याला ती गोष्ट आठवली, जी प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असते आणि कुणीच कधी करत नाही. ताशी पाच मैलांच्या खाली डबीला चाक फिरल्याचं कळतच नाही. आवारात गाडी मागेपुढे सरकवतात तेव्हा तिची कटकट नको म्हणून ठेवलेली ही फट. नऊ मैल, ताशी चार मैल, सव्वादोन तास. तीनच्या आत!

पाटीवरच्या 'विश्रांती'वर बोट दाबून ऑरिनने धोक्याचे दिवे लावले आणि चाळीस टनांचं धूड रस्त्यावर सरकवलं.

चार मैल म्हणजे काय वेग असतो हे एकदा करून बघावं. कुंपणाच्या खांबाशी ओळख होते, मग तो हळूच मागे जातो. एक कुत्रं गाडीबरोबर चालायला लागलं, कंटाळलं, पुढे निघून गेलं. पाचव्या मिनिटाला फोन वाजला. वोंडा. ऑरिनने उचलला नाही. उचलला तर ती विचारणार किती वेगाने येतोयस, आणि खरं सांगितलं तर सगळं गाव हसणार. आता पोचूनच तोंड दाखवायचं, असं ठरवून त्याने फोनचा आवाजच बंद केला.

तिसऱ्या मैलाला मागे निळे-लाल दिवे लागले. जिल्ह्याची पोलीस पोरगी, कायला श्रोल, खिडकीखाली येऊन उभी राहिली. म्हणजे चालत आली. गाडी अजून सरकत होती.

"ऑरिन काका, थांबता का जरा? माझं वेग मोजायचं यंत्र म्हणतंय तुम्ही उभेच आहात."

ऑरिनने गाडी थांबवून सगळी रामकहाणी सांगितली. कायलाने टोपी मागे सारली. बालवाडीपासून बारावीपर्यंत ती वोंडाच्या बसने शाळेत गेलेली.

"दंड कशाचा लावू? हळू चालवल्याचा? फार तर समज देते. पण मागून कुणीतरी येऊन धडकेल. मी दिवे लावून मागे राहते. वोंडाबाईंसाठी हं, तुमच्यासाठी नाही."

आता आमच्या भागातली रीत अशी की पोलिसाच्या दिव्यांमागे संथ रांग चालली असेल तर तिला ओलांडून कुणी जात नाही. आपणही दिवे लावायचे आणि निमूट मागे लागायचं. एक टेम्पो लागला, मग दुसरा, मग मिरवणुकीला निघालेल्या दोन म्हाताऱ्या बहिणी. बघता बघता वीस-पंचवीस गाड्या झाल्या, सगळ्यांचे दिवे भर दुपारी लागलेले. समोरून येणारे कडेला थांबायला लागले. मक्याच्या शेतात लुमिर झेलेंकाने ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरला आणि टोपी काढून छातीशी धरली.

ऑरिनने आरशात पाहिलं. ती लांबलचक रांग, ते दिवे. आमच्याकडे माणसाला शेवटचं पोचवतात ते असंच.

"अरे देवा," तो स्वतःशीच म्हणाला, "कुणाची तरी अंत्ययात्रा आहे आणि मी पुढे तडमडतोय!"

बाजूला घ्यावी तर रस्त्याची कड भुसभुशीत, गाडी कलंडायची. आता गेलेल्या माणसाचा मान राखण्यापलीकडे हातात काही नव्हतं. ऑरिननेही टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि कोण बरं गेलं असेल याचा मनापासून विचार करत, गंभीर चेहऱ्याने तो चार मैलांनी पुढे निघाला. पुढच्या शेतातल्या बाईने डोळ्याला रुमाल लावला. ऑरिनने तिला खिन्नपणे मान हलवून दाखवली. ती किंचाळून घरात पळाली. बिचारी, जवळचं कुणी असणार.

तीन वाजून सात मिनिटांनी तो मुख्य रस्त्यावर वळला. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, पण बँड वाजत नव्हता. मुलांच्या हातातल्या गोळ्या-चॉकलेटं झेलायच्या पिशव्या रिकाम्याच. पाद्रीबाबा पुढे येऊन उभे होते. आणि मधोमध पांढऱ्या गाडीजवळ मर्ल दोन्ही हात उंचावून ओरडत होता, "अहो, शक्यच नाही! या जिल्ह्यात माणूस मरतो तो आधी माझ्याकडे येतो! मला कळवल्याशिवाय ऑरिन मरेलच कसा?"

तेवढ्यात खिडकीतून ऑरिनने विचारलं, "कोण गेलं रे, मर्ल?"

मग एका म्हातारीने देवाचं नाव घेतलं, एक पोरगं खिदळलं, आणि सगळा रस्ता एकदम फुटला. माणसं हसायला लागली, शिव्या घालायला लागली, पाद्रीबाबा भिंतीला टेकून खाली बसले. लुमिरने शेतातूनच तिघांना फोन केला होता, ऑरिनची शेवटची फेरी चाललीय, पुढे त्याचाच ट्रक, मागे पोलीस. वोंडाने सतरा फोन केले होते आणि एकही उचलला गेला नव्हता.

वोंडा गर्दीतून निघाली. अंगावर मानाचा पट्टा, हातात फुलांचा गुच्छ. ट्रकपेक्षा तीच भरभर चालत होती. दार उघडून ती वर चढली, शेजारच्या खुर्चीवर बसली आणि त्या गुच्छाने तिने त्याला खांद्यावर, डोक्यावर, कानावर, फुलं संपेपर्यंत बदडलं.

"मेल्या! फोन उचलता येत नाही?"

"तू हसली असतीस," ऑरिन म्हणाला.

"पाऊण तास मी विधवा होते, कळलं का तुला? पाऊण तास!" तिचा आवाज फाटला. तिने पट्ट्याने नाक पुसलं.

बाहेर बँडवाल्यांनी सुरुवात केली. कायला हाताने खुणावत होती, चला, पुढे चला, रस्ता अडलाय. मर्ल इस्त्रीच्या सुटात आपल्या रिकाम्या गाडीत चढला आणि मागे लागला. ऑरिनने ट्रक सरकवला. पोरं ओरडत होती, वोंडाने सवयीने त्यांना हात केला. मग तिने पट्टा सरळ केला.

"लुमिरने सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, माहीत आहे?" ती शेवटी म्हणाली. "रडूसुद्धा नंतर आलं. आधी मनात आलं, चला, मेला तरी आज वेळेवर येतोय."

ऑरिनने तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती.

"सॉरी," तो म्हणाला. इतक्या सगळ्या वर्षांचं एकदमच म्हणाला.