सौमित्रचा दमा

सौमित्रला दमा आहे हे आम्हाला, म्हणजे त्याच्या सख्ख्या आईबापांना, तो अठरा वर्षांचा झाल्यावर कळलं. तेही सिंगापूरच्या सैन्याकडून.

आमच्यासारख्या पीआर घेऊन इथे कायमचे राहिलेल्यांच्या मुलांना शिक्षण झालं की दोन वर्षं सैन्यात जावंच लागतं. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरने विचारलं, लहानपणी काही आजार? आमचे चिरंजीव म्हणाले, "अ‍ॅस्थमा." झालं! पुन्हा तपासणी, आणि येताना आईला घेऊन या. दमा ठरला तर बंदूक नाही, जंगल नाही. ऑफिसात टेबलाशी बसून दोन वर्षं.

"तुला दमा आहे हे कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"आई ऑल्वेज से. पळू नकोस, दम लागेल."

मी कपाळावर हात मारला. माझ्या बायकोने, मधुवंतीने, मात्र देवापुढे साखर ठेवली. आपला पासपोर्ट भारताचा, पोरगा एकुलता एक, त्याने परक्या देशासाठी बंदूक का उचलायची, हे तिचं म्हणणं. पीआर घेताना सह्या आपणच केल्या, हे माझं. यावरून आमचं चांगलंच वाजलं.

"तुम्ही फक्त गप्प बसा," तिने बजावलं. "मी बोलेन डॉक्टरशी."

गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. तपासणीच्या दिवशी वुडलँड्सला एमआरटीच्या गाडीत चढलो आणि मी पोराची शिकवणी सुरू केली. धावल्यावर कोणालाही लागतो तो दम. आजार असतो तो दमा. एका कान्याचा फरक! मधुवंतीने तोंड फिरवलं.

"सो मी डॉक्टरला खोटं बोललो?" सौमित्रने विचारलं.

"चुकलास."

"माय फ्रेंड्स ऑल गोइंग, बाबा," एवढंच तो म्हणाला.

डॉक्टर तरुण होता, चिनी. फुप्फुसं आता ठीक वाटतायत, म्हणाला. पण लहानपणी खरंच दमा होता का, हे त्याला आईकडून ऐकायचं होतं.

"येस, डॉक्टर," मधुवंती म्हणाली. "अ‍ॅस्थमा. लहानपणापासून." तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही.

डॉक्टर लिहायला लागला. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, हायसं वाटलं. तिच्याइतकाच मीही घाबरलो होतो.

"सॉरी, सर," सौमित्र म्हणाला. "माय मदर मीन्स दम. जस्ट ब्रेथलेस. दमा इज अ‍ॅस्थमा. दमा आय नेव्हर हॅड." दोन्ही शब्द त्याने अगदी स्वच्छ उच्चारले.

डॉक्टरने लिहिलेलं खोडलं.

बाहेर आल्यावर मी पोराची पाठ थोपटायला हात उचलला, पण मधुवंतीकडे बघून तो तसाच खाली घेतला.

"मराठी बोल, मराठी बोल म्हणून अठरा वर्षं घसा फोडला मी," ती त्याला म्हणाली. "नेमकं आजच यायचं होतं का रे तुला?" आणि त्याला घट्ट धरून रडायला लागली.