सतरा नंबरचा चेहरा

रविवारी दुपारी सव्वाचार वाजता हॉकीपटू एलियास साळवेचा उजवा हात खडकीच्या चौकातल्या फलकावरून शिडी लावून उतरवण्यात आला. हात कूलरच्या जाहिरातीत होता. संघाचा मॅनेजर दीक्षित याने सही करून तो ताब्यात घेतला. फायनल साडेपाचला होती.

गेल्या वर्षी एलियासचा खेळ पाहायला चाळीसेक माणसे येत. मग त्याचे पेनल्टी कॉर्नर गाजले, लीगची तिकिटे संपू लागली, जाहिराती आल्या. त्याचा जो अवयव खऱ्यापेक्षा मोठा छापला जाई, तो छापील जागीच राही. बुटांच्या कंपनीने पाय नेले, बनियनवाल्यांनी छाती. सामन्यापुरते सगळे आणून जोडत आणि नंतर पुन्हा टांगत. एरवी तो घरी खिडकीत चेहऱ्यापुरता बसलेला असे.

त्याची आई मार्थाबाई बुधवारी आमच्या पेपरच्या कचेरीत आली होती.

“दादा, फायनल होईपर्यंत चेहरा छापू नका. नंतर तुमचं तुम्ही बघा.”

मी हो म्हटले. विजयाचे पान आम्ही आधीच लावून ठेवतो. त्यात पानभर चेहरा होता. पानावर सोमवारची तारीख टाकायची माझ्याकडून राहिली. ते रविवारी पहाटेच छापले गेले.

“प्रती किती?” दीक्षितने मला मैदानावर विचारले.

“दीड लाख.”

“फलक असता तर शिडी लावली असती,” तो म्हणाला आणि संघाच्या यादीवर सही केली.

एलियास मैदानात उतरला तेव्हा चेहऱ्याच्या जागी साधी कातडी होती. स्टँडमधून हे कोणाच्या लक्षात आले नाही. शर्टावर सतरा नंबर होता. तो चेंडूच्या आवाजावर धावत होता. टाळ्या वाजल्या की त्याला चेंडू सापडत नसे, आणि टाळ्या सारख्या वाजत होत्या.

पायऱ्या उन्हाने तापल्या होत्या. बारा हजार माणसे आमचा पेपर पसरून बसली होती. मार्थाबाई खालच्या रांगेपासून एकेकाला उठवत होती.

“उठ रे बाळा जरा. माझा मुलगा आहे खाली.”

“मावशी, आमचाही स्टार आहे तो. बसा, मागच्यांना दिसत नाही.”

तीनशे प्रती जमल्यावर मैदानात डावी भुवई आली. हाफ टाइमला नाक आले. चौथ्या क्वार्टरमध्ये उजवा डोळा आला, पण मिटलेला. कागदावर चहा सांडला होता.

एकोणसाठाव्या मिनिटाला, बरोबरी असताना, पेनल्टी कॉर्नर मिळाला. एलियास सर्कलच्या टोकाशी उभा राहिला. त्याने मान स्टँडकडे वळवली. सगळे मैदान त्याच्या नावाने ओरडत होते, बसल्या जागेवरून.

मार्थाबाई आता माझ्या रांगेशी पोचली आहे. तिच्या दोन्ही काखांत कागद आहेत. पंचांनी शिट्टी तोंडात धरली आहे. माझी बातमी सहा ओळींत संपते. फक्त निकाल भरायचा आहे.

“दादा, उठता का?” ती म्हणते.

माझ्या खालच्या कागदात काहीतरी उघडझाप करते आहे.