मलावीहून परतल्यावर
चर्चच्या तरुणांबरोबर महिनाभर आफ्रिकेतल्या मलावीत सेवा करून एस्तेर येरवड्याच्या घरी पोचली, तेव्हा पप्पा तापाने फणफणले होते. आईने तिला बॅगही खाली ठेवू दिली नाही.

"बरं झालं आलीस. पप्पांवर हात ठेवून प्रार्थना कर. देवाचं काम करून आलीयेस, तो तुझं ऐकेल."

एस्तेर पलंगाशी बसली, पण तिने हात स्वतःच्या मांडीवरच ठेवले.

"कर ना गं!"

"आई, तिथे एका लहान मुलीसाठी आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली. मलेरिया होता. ती माझ्या मांडीवरच गेली. आता डोळे मिटले की तीच दिसते."

पप्पा बरळायला लागले होते. हिंजवडीला कामावर गेलेल्या भावाचा मोबाईल लागत नव्हता.

"मग ऊठ, रिक्षा आण," आई म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी डेंगी सांगितला आणि पप्पांना आयसीयूत नेलं. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही, म्हणाले. बाहेरच्या बाकावर आईने एकटीनेच प्रार्थना केली. ती संपली तरी एस्तेरच्या तोंडून 'आमेन' निघालं नाही. आईने तिचा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला.