‘माळावरचा पाहुणा’ची पहिली प्रत

मी बोलतेय. मी म्हणजे एका जुन्या टीव्ही मालिकेतल्या ‘माळावरचा पाहुणा’ या भागाची पहिली प्रत, निळ्या शाईत हातानं लिहिलेली. अंगावर झुरळांनी पाडलेली भोकं आहेत, पण तोरा गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मला लिहिलं महिपतीनं. पणदऱ्यातल्या दूध डेअरीत तो दिवसभर दुधाची फॅट तपासायचा आणि घरी आला की दुसऱ्या ग्रहांवर हिंडायचा. तेव्हा गावात टीव्ही मोजकेच. अंतराळावरची ती मालिका लागली की त्या घरांत पाय ठेवायला जागा नसे. महिपतीला वाटलं, असलं आपल्यालाही जमेल. आणि जमलं की! निरवांगीच्या माळावर परग्रहावरचा एक पाहुणा उतरतो, त्याचं यान बिघडतं, आणि एक म्हातारी त्याला घरात घेते. जाताना तो तिला म्हणतो, "आई, माझ्या गावचा दिवा आज विझला, तरी तुझ्या पतवंडांना तो दिसत राहील." एवढं लिहून झालं आणि महिपती एकटाच बसून रडला. गडीमाणूस, कुणी बघितलं नाही म्हणून बरं.

माझी नक्कल टपालानं मुंबईला गेली. पुढं काहीच कळेना म्हणून तो स्वतः तिकडे गेला. मालिकेच्या कचेरीत अशी रीत, की बदललेलं पान वेगळ्या रंगाच्या कागदावर टाइप करायचं. गुलाबी, पिवळी, हिरवी पानं बघून त्याला चक्कर यायची बाकी राहिली. म्हातारीची शास्त्रज्ञ झाली होती, माळाची प्रयोगशाळा झाली होती. शेवटचा हात ज्यानं फिरवला, त्याचं नाव वर चढलं होतं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! दिव्याचं वाक्य तेवढं जिथल्या तिथं होतं.

भाग लागला, नाव दुसऱ्याचं आलं आणि गावाला आयतं कोलीत मिळालं. शेजारचा गेणबा तर आजही सोडत नाही. "आबा, तुमचं नाव कुठं हाय? त्या पावन्याच्या विमानात ऱ्हायलं का?"

विश्वास ठेवला फक्त साखरबाईनं, महिपतीच्या बायकोनं. त्याच्यासाठी ती अख्ख्या आळीशी भांडली. दर दसऱ्याला कोयता, विळा, दुधाची चरवी यांच्याबरोबर मलाही पाटावर मांडायची. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून बोटानं घ्यायची. पहिल्या पानावर त्याचं नाव नि तारीख होती, तिथंच ओलं गंध, तिथंच हळदकुंकू. वर फुलानं पाणी शिंपडायची. मला गुदगुल्या व्हायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

अलीकडे ती मालिका मोबाइलवर परत आली. सून स्वरूपा बारामतीला कॉलेजात शिकवते. तिनं ती दाखवणाऱ्या कंपनीला लिहिलं, की या भागाचे खरे लेखक माझे सासरे आहेत. उत्तर आलं: लेखकाचं नाव आणि तारीख असलेली पहिली प्रत दाखवा, आम्ही नाव बदलतो. महिपती आता थकलाय, डोळे अधू झालेत. म्हणाला, "दिसतंय तवर माझं नाव एकदा बघू दे. मग जायला मोकळा."

स्वरूपानं मला उघडलं. नावाच्या जागी पिवळा-तांबडा डाग होता, बाकी काही नाही. तिनं तरी फोटो पाठवला. कंपनीनं कळवलं, नाव वाचता येत नाही, क्षमस्व.

"आबा, हळदीनं आणि पाण्यानं शाई गेली," स्वरूपा हळूच म्हणाली.

साखरबाई दारातच उभी होती. "म्हंजे तुमचं नाव म्याच पुसलं व्हय? ह्या बोटानं?"

ती मटकन खाली बसली. रडणं थांबेना, जेवायला उठेना. महिपती तिच्याजवळ सरकला.

"अगं येडे, रडतीस कशापायी? तितं माझं नावच नव्हतं. म्या काय लिवलंच न्हाय. मुंबईच्या मानसाचं व्हतं, म्या नुसतं उतरून काढलं."

"खरं सांगताय?"

"तुझ्या गळ्याशप्पथ."

अरे महिपती, काय बोललास हे!

साखरबाईचं रडणं थांबलं. पदरानं तोंड पुसलं, उठली, त्याला ताट वाढलं. त्याच्याकडे बघितलं मात्र नाही. मग अंगणात गेली आणि कुडापलीकडच्या गेणबाला म्हणाली, "भावजी, तुमचंच खरं व्हतं. आमीच उगं भांडलो." आत महिपती खाली मान घालून जेवत होता.

तुमच्यापैकी कुणी पणदऱ्याकडे गेलं, तर साखरबाईला एवढं सांगा, की तुझा नवरा खोटं बोलला, सगळं त्यानंच लिहिलंय. नाही तर नकोच, राहू द्या. ते कळलं, तर ती पुन्हा आपल्या बोटाकडे बघत बसेल.