दोघांपुरता तंबू

माथा

"पडला," वत्सला आतून म्हणाली.

"कुठं?"

"पिठात."

रघूने फवारणीचा पंप पाठीवरून उतरवला आणि तंबूच्या दारातून डोकं आत घातलं. वत्सलाने शिवणींच्या खाली नाचणीचं पीठ भुरभुरलं होतं. थेंब पडला की खळगा दिसणार. एक दिसत होता. तो बघेपर्यंत शेजारी दुसरा पडला.

"पंप धुतलाय ना नीट? नायतर किडीबरोबर मी पण जायची."

ओटीवरून दिपेश म्हणाला, "झालं. आई, बाहेर ये. तो तंबू भातावर टाका."

भातासाठीच तंबू घरात आला होता. शेणवे गावात त्यांच्या अंगणात गाड्या लावून डोंगरावर जाणाऱ्या पोरांनी टाकला होता. शिवणीतून गळतो, काका, भात झाकायला होईल. रघूने तो एका हातावर तोलला. दोन माणसांचं घर, आणि वजन एका दुधीभोपळ्याएवढं.

वत्सलाने भाताचं नाव काढू दिलं नाही. तिला वरच्या माळावर जायचं होतं, नाचणीच्या शेताशी, एका रात्रीसाठी, नवऱ्याबरोबर. लग्न झालं तेव्हा घरात माणसं मावत नव्हती. रघू ओटीवर, ती आत सासूजवळ. पोरं कधी झाली हे दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. मग रघूला नळपाणी योजनेच्या पंपावर रात्रपाळी लागली, ती निवृत्तीपर्यंत सुटली नाही. आता तो घरी आहे, तर नात मनस्वीला आजीच्या पोटावर पाय टाकल्याशिवाय झोप लागत नाही.

पण श्रावणात वत्सलाची छाती कफाने भरली होती. मुलाने अट घातली: परतीचा पाऊस अजून गेला नाय. अंगणात पाणी मारून बघायचं, एक थेंब गळला तर जायचं नाय.

दोन गळले होते.


दार

चूक रघूची. त्याने शिवणींना पंक्चरचं सोल्युशन लावलं होतं. गमबूट, पंपाची नळी, शेतातली ताडपत्री: त्याच्या आयुष्यात जे जे गळलं ते ह्याच ट्यूबने थांबलं होतं. वत्सलाने नख लावलं. सोल्युशन सायीसारखं निघून आलं.

"कापड बुळबुळीत हाय. ह्याला काय धरतच नाय."

"मग डांबर?"

"लावा. आणि वर न्यायला बैल पण सांगून ठेवा."


आटगाव. मनोजचं हार्डवेअरचं दुकान.

"काय गळतंय, मावशी?"

"घर."

"पत्र्याचं का कौलाचं?"

"कापडाचं."

मनोजने काउंटरवर एकेक मांडलं. पत्र्याच्या भोकांना लावायचं काळं. पाइपाच्या जोडाचं. खिडकीच्या काचेला लावतात ते सिलिकॉन. वत्सलाने तंबूची पिशवी आणली होती, त्याच कापडाची. तिने प्रत्येकाचा एकेक ठिपका पिशवीवर घेतला आणि म्हणाली, "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी काळं खपलीसारखं उडालं. पाइपाचं कडक होऊन सुटलं. काचेचं मात्र कापड ताणलं की ताणलं जायचं, सोडलं की परत यायचं.

मनोजने दरम्यान फोनवर शोधलं होतं. "कापडावर सिलिकॉनचाच थर असणार. त्याला सिलिकॉनच धरतं, दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नाय."

"आमच्या ह्यांच्या रात्रपाळीच्या पंपासारखं."

"टर्पेंटाइनमध्ये पातळ करा, ब्रशनं लावा. हलका हात ठेवा, नायतर तंबूपेक्षा गोंद जड व्हायचा. कोण जाणार डोंगरावर?"

"आमी दोघं."

"आणि?"

"आणि कोण नाय."

मनोज ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचू लागला. मागे उभ्या रघूला अचानक स्क्रूंच्या डब्यात फार रस वाटायला लागला.


कोपरे

रघूने शिवण ताणून धरायची, वत्सलाने ब्रश फिरवायचा. अंगणभर लोणच्यासारखा आंबट वास.

"सरळ धरा."

"सरळच हाय. तुझा हात वाकडा."

"हात वाकडा असता तर एवढी वर्षं भाकऱ्या गोल झाल्या असत्या?"

सुकल्यावर नवीच पंचाईत. शिवणी चिकट राहिल्या, कापडाला कापड बिलगायला लागलं. वत्सलाने घरातून आपला पावडरचा डबा आणला आणि शिवणींना पावडर फासली, लग्नाला निघालेल्या बाईसारखी तोंडभर. रघूला शिंक आली.

"ह्यो वास तुझा," तो म्हणाला, आणि काही काम नसताना विहिरीकडे गेला.


दुसऱ्यांदा पंप दिपेशने स्वतःच्या पाठीवर घेतला. माथ्यावर मारला, कोपऱ्यांत मारला, दाराच्या चेनीवर मारला. त्याची बायको कुणाली म्हणाली, "अहो, पुरे. आई बुडतील." तो मारत राहिला. पंप रिकामा झाला तेव्हा वाकून आत गेला.

आत आई बसलेली. पीठ सपाट.

त्याने वरच्या शिवणीवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं.

"वर दार नीट लावून घ्या," तो म्हणाला.

"मी पण येणार," मनस्वी म्हणाली.

वत्सला नातीकडे बघत राहिली. तिच्या तोंडून नातीसाठी 'नाही' कधी निघालंच नव्हतं.

"दोघांचाच हाय गो तो," कुणालीने मनस्वीला उचलून कडेवर घेतलं. "तू आज माझ्या पोटावर पाय टाक."


तळ

माळावर पोचेपर्यंत उन्हं कलली. नाचणीची कणसं वळायला लागली होती. तंबू उभा राहिला, भाकरी खाऊन झाली, तेवढ्यात पाऊस आला, फार नाही, पण आला. दोघं आत गेले. डोक्यावर टपटप सुरू झाली. पाणी शिवणींवरून घरंगळत खाली जाताना दिसत होतं. वत्सलाने हात वर करून शिवण चाचपली. कोरडी. पावडरचा वास.

रघू चादर अंथरून बराच वेळ तिच्याकडे बघत बसला.

"कुठल्या कुशीवर झोपतेस गो तू?"

वत्सला विचारात पडली. एका बाजूला कायम कोणाचं तरी पोर असायचं, दुसऱ्या बाजूला भिंत.

"ठाऊक नाय," ती म्हणाली. "बघू."

आणि दोघांच्या मध्ये ठेवलेली भाकरीची पिशवी उचलून तिने पायाशी सरकवली.