एका दिव्याचं टिंब

ढाणकीला एसटीतून उतरली तेव्हा उर्वशी खुशीत होती. आपल्या अक्षरांचे फोटो काढायला ती आली होती. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत दिव्यांच्या पाट्या बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात ती कामाला होती. जुन्या व्हिडिओ गेममध्ये असायची तशी चौकोनी, ठिपक्याठिपक्यांची मराठी अक्षरं तिनं त्या पाट्यांसाठी घडवली होती. शिरोरेघ, वरची वेलांटी, खालचा उकार, सगळं दिव्यांच्या सोळा ओळींत बसवायचं. आलेखाच्या वहीत चौकोन रंगवण्यात तिचं दीड वर्ष गेलं होतं.

बियाणं आणि फवारणीची दवाई विकणाऱ्या नानाजींच्या कृषी केंद्रावरची पाटी तिला रस्त्यापलीकडूनच दिसली. लाल अक्षरं भर उन्हातही ठळक होती. तिनं मोबाइल उचलला आणि तिचा हात तसाच थांबला.

‘कपाशी फवारणी. एका पंपाला २५ मिली.’

मजकूर तिनंच टाईप केला होता. अडीच मिली. दोन, टिंब, पाच.

ती धावतच पाटीखाली गेली. जागा वाचावी म्हणून टिंबाला तिनं एकच दिवा दिला होता. तो दिवा गेला होता.

“काकाजी, हे कधीपासून असं हाय?”

नानाजींनी चष्मा वर केला, पाटी वाचली आणि ते स्टुलावरून उठलेच. “परवा तं बरोबर होतं पोरी!”

“ही दवा कोणी नेली?”

“तिघांनी. दोघायले म्या तोंडानं सांगितलं. धावजी सकाळी आलता, गर्दी होती. पाटी पाहून म्हणे, समजलं. अन् गेला.”

त्यांनी धावजीला फोन लावला. पूर्ण रिंग वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग नानाजींनी दुकान तसंच उघडं टाकून मोटरसायकल काढली.

धावजीच्या तांड्याचा रस्ता सहा किलोमीटरचा. उर्वशी मागे बसली होती. दहापट, एवढाच शब्द डोक्यात फिरत होता. दुतर्फा कपाशी खांद्याइतकी वाढलेली, वारा अजिबात नव्हता. अशा पिकात फवारा अंगावरच उतरतो, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. आपण काढलेलं अक्षर माणसाचा जीव घेऊ शकतं, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, धावजीची बायको सुखीबाई पाण्याची कॅन घेऊन उभी होती.

“धावजी कुठं हाय?” नानाजी ओरडले.

“फवारून राह्यले ना. दुसरा पंप हाय. काहून?”

उर्वशीनं कान दिला. पंपाचा आवाज येत नव्हता.

“धावजीभाऊ!” ती कपाशीच्या ओळीत घुसली. झाडांनी हात ओरबाडले. उग्र वासानं घसा धरला. पुढं काहीच दिसत नव्हतं, फक्त ओली पानं. तिनं पुन्हा हाक मारली. उत्तर आलं नाही. क्षणभर तिला वाटलं, इथूनच मागं फिरावं, जे असेल ते पाहूच नये.

मग दुसऱ्या ओळीत शिरलेल्या सुखीबाईची किंकाळी आली.

धावजी दोन झाडांच्या मधे बसला होता, पंप पाठीवर तसाच. अंग घामानं निथळत होतं, तोंडातून लाळ गळत होती. “दिसत नाही बरोबर,” तो पुटपुटला.

तिघांनी त्याला ओढत धुऱ्यावर आणलं. कपडे काढले, कॅनमधलं सगळं पाणी अंगावर ओतलं. नानाजींनी फोन करताच तांड्यातला देवसिंग ऑटो घेऊन आला. उर्वशीनं दवाईची बाटली उचलून ओढणीत गुंडाळली, डॉक्टरांना दाखवायला. ऑटोत धावजीचं डोकं सुखीबाईच्या मांडीवर होतं. त्याचा श्वास घरघरला की उर्वशी डोळे मिटायची, आणि पुढचा श्वास येईतो ते उघडायची तिची हिंमत होत नव्हती.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि लगेच इंजेक्शनं सुरू केली. दोन दिवस कोणी काही छातीठोक सांगेना. तिसऱ्या दिवशी धावजीनं चहा मागितला.

उर्वशीनं त्याला सगळं सांगून टाकलं. “भाऊ, चूक माही हाय. टिंब म्याच एवढुसं केलं होतं.”

बोलली ती सुखीबाई. “बाई, आमी पाटी वाचतो. त्यातले दिवे मोजत बसाचं का?”



कारखान्याचा मालक म्हणाला, दिवा गेला, अक्षराचा काय दोष? ती वाद घालत बसली नाही. अशा अकरा पाट्या वेगवेगळ्या गावांत होत्या. धावजीला दवाखान्यात नेलं त्याच दिवशी फोन करकरून तिनं त्या बंद करवल्या होत्या. मग पुन्हा आलेखाची वही घेतली. आकडा काढूनच टाकला. त्या जागी शब्द बसवला: अडीच.

महिन्याभरानं नानाजींच्या पाटीला शिडी लावून ती काळ्या चिकटपट्टीचा तुकडा घेऊन चढली. कुठलाही दिवा गेला तरी शब्द तोच वाचला जातो का, ते पाहायला एकेक दिवा झाकायचा आणि खाली विचारायचं. धावजी बाजारासाठी आला होता. दवाईच्या वासानं अजून मळमळतं म्हणून तो दुकानात न येता रस्त्यापलीकडेच उभा होता.

“आता काय दिसते, भाऊ?”

“अडीच.”

तिनं पट्टी वेलांटीवर सरकवली.

“आता?”

“अडीचच. उतर आता, पडशीन.”

ती उतरली नाही. अजून बरेच दिवे झाकून पाहायचे होते.